न मागितलेलं उलथणं

कर्जतच्या दवाखान्यात ऑपरेशनच्या वेळी डॉक्टरांच्या हाती हत्यारं द्यायचं काम वनिताचं. सलग ड्युट्यांनी शिणलेली ती आज चुकली. डॉक्टरांनी चिमटा मागितला, तिनं कात्री दिली.

"आई, माझे हात गेले. उद्या राजीनामा देते," पळसदरीला घरी येताच ती सासूला म्हणाली.

सुंदराबाई तांदळाच्या भाकरी भाजत होत्या. त्यांनी नुसता हात मागं केला, तोच वनितानं उलथण्याचा दांडा त्यांच्या तळव्यावर टप्पकन ठेवला.

"मी मागितलं कुटं अजून?"

वनिता आपल्याच हाताकडं बघत राहिली. मग दोघी हसत सुटल्या.

"हात जाग्यावर हायेत गं तुजं, झोपच झाली नाय तुजी. रजा माग."

वनितानं दवाखान्यातल्या मोठ्या सिस्टरना फोन करून आठवड्याची रजा मागितली, आणि भाकरी पापुद्रा धरायच्या आत तिथंच भिंतीला टेकून गाढ झोपली.