कुंकू मात्र कात्रीला

मी एक जुना कापणारा आहे, मित्रांनो. नाव कॅल्पेन, स्नायूंच्या पेशीत राहणारं एक एंझाइम. घराणं फार जुनं, मी स्वतः जेमतेम आठवड्याचा. सुरतेच्या लिंबायतमध्ये हिलाल नावाच्या लूम कामगाराच्या पोटरीत माझा जन्म झाला, सन १९९६, दसऱ्याच्या दिवशी.

त्याच दिवशी त्याच्या बायकोने, इंदुबाईने, साड्यांचे सुटे धागे कापायच्या कात्रीला कुंकू लावलं. तेव्हापासून मी त्या कात्रीवर जळतो. काय आहे तिच्यात? दोन पाती, एक खिळा. माझेही दोन भाग आहेत. एरवी ते फाकलेले असतात. कॅल्शियम येऊन बसलं की जुळतात, आणि तेव्हाच मला धार येते. मी प्रथिनं कापतो, पण नेमक्या जागी. भुगा करत नाही. पेशीची फाटलेली कड सांधायला मी लागतो, स्नायूचे जुने झालेले धागे सोडवायला मी लागतो. वर कॅल्पॅस्टॅटिन नावाचा पहारेकरी माझं तोंड दाबायला बसलेलाच. कात्रीवर असतो कुणाचा पहारा?

दोन दिवसांनी, दिवाळीच्या मालाची घाई चालू असताना, उभ्या उभ्या हिलालच्या पोटरीत गोळा आला. लूमवाल्यांच्या रीतीप्रमाणे त्याने साडीच्या किनारीची पट्टी करकचून बांधली आणि बारा तासांची पाळी तशीच काढली. रक्त अडलं. पेशी थकल्या, कॅल्शियम बाहेर काढता येईना, ते आत तुंबलं. पहारेकरी पुरा पडला नाही. मी सुटलो. चांगले धागेही कापले. लपवत नाही.

घरी इंदुबाईने पाय पाहिला. "हाऊ पाय शे का वांगं?"

"गाठ सुटत नही. राहू दे, सकाळले पाळी शे."

"पाय गया तं पाळी कोन करी, तुमना मालक?"

तिने कात्रीने पट्टी कापली आणि त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं.

"बेन, अजून उशीर झाला असता तर पाय गेला असता," गुजराती डॉक्टर म्हणाले. "कात्रीनं वाचवला."

पुन्हा कात्रीच. कॅल्शियमचा पूर ओसरल्यावर आत फाटलेल्या कडा कोण सांधत बसलं होतं, ते कुणी विचारलं नाही.

पाचव्या दिवशी हिलाल चालला. इंदुबाईने पुन्हा कात्रीला कुंकू लावलं, आणि बोटाला उरलेलं त्याच्या पोटरीवर पुसलं.

मित्रांनो, गोळा आला तर खाली बसा. पाय आवळू नका. आवळलात तर मी तुमचाच पाय आतून कापेन. मला थांबता येत नाही.

ते पुसलेलं कुंकू पायाचं होतं, मला माहीत आहे. तरी मी ते माझं धरलंय. कात्रीला सांगू नका.