भाऊजींचा इंग्रजीचा पेपर

वहिनींचं निम्मं आयुष्य कॉलेजात इंग्रजी वाङ्मय शिकवण्यात गेलं, पण इतका चौकस विद्यार्थी त्यांना कधी मिळाला नव्हता. आणि मिळाला तो घरातच, सख्खा धाकटा दीर. भाऊजी पाणीखात्यात मीटर वाचायचे. जिने चढायचे, दार वाजवायचं, आकडा टिपायचा, जिने उतरायचे. आता गुडघ्यांनी हात टेकले होते. खुर्चीत बसून करायची कारकुनी त्यांना मिळण्यासारखी होती, पण तिला पदवी लागत होती. बाकी सगळे विषय सुटले होते. एकट्या इंग्रजीने दोनदा त्रिफळा उडवला होता, आणि आता ही शेवटची संधी होती. ही गेली की निवृत्तीपर्यंत जिने.

डोकं नव्हतं असं मुळीच नाही. डोकं होतं, पण ते नको तिथे चालायचं. मागच्या खेपेला कादंबरीच्या नायिकेचं स्वभावचित्र विचारलं होतं. भाऊजींनी पानंच्या पानं लिहिली, आणि ती सगळी मोलकरणीवर! नायिका रोज प्रियकराला चिठ्ठी पाठवते, तर चिखल तुडवत ती नेऊन देतं कोण? त्या बिचारीला वाचता येत असेल तर? तपासणाऱ्याने समासात एक भलंमोठं उद्गारचिन्ह काढलं होतं, गुण काही दिले नव्हते.

"अहो, पण मला खरंच प्रश्न पडला होता," भाऊजी म्हणाले.

"प्रश्न आपल्याला पडायचे नसतात, भाऊजी. ते पेपरात छापून येतात," वहिनी म्हणाल्या, आणि जेवणाच्या टेबलावर पुस्तकं मांडून त्यांनी शिकवणी सुरू केली.

पहिल्याच आठवड्यात नाटक निघालं. दोन भावांचं जुनं वैर, शेवटच्या अंकात धाकटा भर पावसात थोरल्याच्या दारात येतो आणि माफी मागतो. वहिनींनी पाऊस म्हणजे पश्चात्ताप कसा, ते रंगून समजावलं. भाऊजी गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी धरून ऐकत होते.

"असेल, वहिनी, पश्चात्ताप असेल. पण माफीचं भाषण दोन पानं चाललंय. तोवर त्याला कुणी 'आत ये' म्हणतं की नाही?"

"म्हणजे?"

"मी दिवसभर लोकांच्या दारातच उभा असतो ना, म्हणून विचारलं. माफ केलं म्हणणं निराळं आणि आत ये म्हणणं निराळं."

दुसऱ्या दिवशी दोन तासांच्या मधल्या वेळात वहिनींनी स्टाफरूममध्ये तो अंक पहिल्यापासून वाचला. आत ये असं कुणीच म्हणत नव्हतं. थोरला माफ करतो, रडतो, पडदा पडतो, आणि धाकटा अजून दारातच! इतकी वर्षं हे नाटक शिकवून वहिनींच्या हे ध्यानात आलं नव्हतं. त्यांना इतका आनंद झाला की शेजारच्या इतिहासाच्या बाईंना ओढून त्यांनी ते पान दाखवलं. पण लगेच मनात आलं, हा माणूस पेपरात हेच लिहिणार आणि पुन्हा आपटणार.

मग वहिनी कडक झाल्या. अपेक्षित प्रश्न, ठरलेली उत्तरं, प्रत्येक उत्तरात तीन मुद्दे. भाऊजींनी 'का' म्हटलं की चहा बंद. गुडघे भाऊजींचे होते, त्यामुळे त्यांनी निमूट मान खाली घातली. जिने चढताना ते एकेका पायरीला एकेक मुद्दा म्हणू लागले. हळूहळू 'का' कमी झाला, मग थांबलाच.

"तुझा विद्यार्थी सुधारला वाटतं," वहिनींचे यजमान वर्तमानपत्रातून डोकं वर काढून म्हणाले.

"सुधारले की," वहिनी म्हणाल्या. पण हे म्हणताना त्यांना काही बरं वाटलं नाही.

भाऊजी पास झाले, तेही चांगल्या गुणांनी. खुर्ची मिळाल्याची बातमी घेऊन ते आले तेव्हा कठडा धरून, आडवे होत जिना चढत होते. हा आडवा जिना आता रोजच्या रोज नाही, या विचाराने वहिनींचे डोळे भरून आले. खोटं कशाला बोला, त्यांना अभिमानही वाटला.

चहा झाला. मग वहिनींनी एक पुस्तक आणलं. अभ्यासक्रमात नसलेली कविता त्यांनी मुद्दाम राखून ठेवली होती.

"हे ऐका. एक म्हातारा नावाडी आहे. एका विधवेला नदीपार नेतो, भाडं घेत नाही. आणि मग नाव बांधून तिथेच राहतो, घरी परत जात नाही. का राहिला असेल?"

भाऊजींनी डोळे मिटले. बोटं पुढे आली.

"नदी हे मृत्यूचं प्रतीक आहे. नावाडी म्हणजे काळ. आणि तिसरा मुद्दा, नाव बांधणं म्हणजे जीवनयात्रेची समाप्ती."

वहिनी बघतच राहिल्या. वाक्यं त्यांची, सूर त्यांचा, बोटं मोजायची ढबसुद्धा त्यांचीच. समोर भाऊजी बसले होते, पण मोलकरणीसाठी पानं खर्ची घालणाऱ्या माणसाचा पत्ता नव्हता. आणि त्याला घराबाहेर काढणारं वहिनींखेरीज दुसरं कुणी नव्हतं. वहिनींना रडू फुटेल असं वाटलं.

"चुकलं का काही?" भाऊजींनी घाबरून विचारलं.

"नाही. पेपरात पूर्ण गुण मिळतील."

"मग?"

"मग काय, मला माहीत नाही तो का राहिला. खरंच नाही, भाऊजी. दरवर्षी मी नदी म्हणजे मृत्यू म्हणते, तेवढ्यात घंटा होते आणि मी सुटते."

वहिनींच्या तोंडून 'मला माहीत नाही' हे भाऊजींनी जन्मात ऐकलं नव्हतं. ते थट्टा समजून हसू लागले, मग वहिनींचा चेहरा पाहून थांबले. भाऊजींनी दुखरा पाय सावकाश लांब केला, पुस्तक स्वतःकडे ओढलं, एका ओळीवर बोट ठेवलं आणि ते पुन्हा वहिनींकडे सरकवलं.

"मला सगळं इंग्रजी नाही कळत, तुम्हीच बघा," ते म्हणाले. "पलीकडे त्या बाईला घ्यायला कुणी आलं होतं का?"