तिसरी बाही

आमच्या एवढ्याशा गावात तापाची साथ आली आणि बरा झालेला प्रत्येक जण कपडे बसत नाहीत म्हणून माझ्या दुकानात येऊ लागला. मी आधी टेपला शिव्या घातल्या. डॉक्टरची छाती छत्तीस, पोस्टमनची छत्तीस आणि ज्याला अठ्ठेचाळीसचा शर्टही घट्ट व्हायचा, त्या माझ्या मेहुण्याचीसुद्धा छत्तीसच! नवा टेप आणला, तरी तेच. खांदा सतरा, बाही पंचवीस, सगळ्यांची.

"अशक्तपणा आहे, भरून येईल," डॉक्टर म्हणाला.

अरे, तापाने माणूस वाळतो हे कबूल, पण मग पोस्टमनची काडीपैलवान आई छत्तीसपर्यंत भरली कशी? माझं डोकंच चालेना.

शेवटी मापांची जुनी वही उघडली. साथीच्या आधी ही मापं एकदाच लिहिलेली होती, एका परक्या माणसाच्या कोटासाठी. त्याला पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, तिसरी बाही हवी होती. चेष्टा करतोय असं वाटून मी त्याच्यावर खेकसलो होतो. तो शांतपणे म्हणाला, "शिवून ठेवा, लागेल." कोट न्यायला मात्र तो आलाच नाही.

काल माझाही ताप उतरला. तो कोट खुंटीवरून काढून मी अंगात घातला, तर माझ्यासाठीच बेतल्यासारखा बसला. आरशात पाठीवरची बाही रिकामीच लोंबताना दिसली, तेव्हा कुठे हायसं वाटलं. मी बटणं लावायला घेतली.

तेवढ्यात मागून बायको ओरडली, "अहो, हात सोडा माझा, दुखतोय!"

माझे दोन्ही हात बटणांवर होते.