अर्जानंतर घरात नवीन काय घडलं

आंबवलेल्या कोबीच्या मडक्यावर जड दगड ठेवावा लागतो, नाहीतर पानं पाण्यावर येतात आणि कुजतात. मिनह्वाच्या गॅरेजमध्ये, गाडी आणि बर्फ उपसायच्या फावड्याच्या मधे, असं एक मडकं होतं. त्यावरचा दगड तिच्या आईनं घरामागच्या ओढ्यातून स्वतः निवडून आणला होता. "अमेरिकेत सगळं मिळतं, पण धड दगड मिळत नाही," असं म्हणत म्हातारीनं तेव्हा अख्खा ओढा पालथा घातला होता.

रोज संध्याकाळी भांडी आवरली की मिनह्वा कोबी बघायला गॅरेजमध्ये जायची आणि परतताना तिचे डोळे लाल असायचे.

"आई, रोज काय बघतेस गं त्याला?" यीनिंग चिडवायची. "पळून जाणारे का तो कोबी?"

"आंबट वास डोळ्यांत जातो," मिनह्वा म्हणायची आणि नळ सोडून तोंड धुवायची.

मिनह्वाची आई नोव्हेंबरच्या सुरुवातीला चीनमध्ये, शेन्यांगच्या इस्पितळात वारली होती. ही गोष्ट यीनिंगच्या बापाला, ज्येनपिंगला, माहीत होती. रविवारच्या चिनी शाळेत चहा करणाऱ्या सगळ्या बायकांना माहीत होती. भाजीच्या दुकानात गल्ल्यावर बसणाऱ्या म्हाताऱ्यालाही माहीत होती. न्यू जर्सीतल्या आमच्या या गावात ती फक्त एका माणसाला माहीत नव्हती. तो माणूस म्हणजे यीनिंग, जिला त्या आजीनं शेन्यांगला परतण्याआधी पाळण्यापासून शाळेच्या बसपर्यंत वाढवलं होतं.

घरात मूल परीक्षेला बसलं असेल, कॉलेजच्या निकालाची वाट बघत असेल, तर त्याच्यापर्यंत मरण पोचू द्यायचं नाही, अशी आम्हा चिनी माणसांत रीत आहे. कुणी तिला रीत म्हणत नाही, माया म्हणतात. "पोराचं लक्ष उडायला नको," एवढं म्हटलं की बाकीच्यांनी मान डोलवायची आणि तोंड शिवून घ्यायचं. चहा करणाऱ्या बायकांतल्या छिनच्या मुलाला आजोबा गेल्याचं चार महिन्यांनी कळलं होतं. त्याला चांगलं कॉलेज मिळालं, म्हणून छिनचं सगळ्यांनी कौतुकच केलं. तो मुलगा त्यानंतर घरी फारसा फोन करत नाही, हे कुणी बोलत नाही.

मिनह्वा अंत्यसंस्काराला गेली नाही. ती गेली असती तर मुलीला संशय आला असता. आमच्याकडे सुतक असलं की दंडावर काळ्या कापडाची पट्टी लावतात. तिनं ती कोटाच्या अस्तरात, आतून, टाचून घेतली होती.

यीनिंगला सांगितलं होतं की आजीचा घसा बिघडलाय, डॉक्टरांनी बोलायची बंदी केलीय. एरवी म्हातारी रोज फोनवर आवाज भरून पाठवायची. तिला लिहिता येत नव्हतं. आता तिच्या नावानं मिनह्वाचा भाऊ, तागांगमामा, लिहायचा: "निंगनिंग, थंडी आहे, कपडे घाल. अभ्यास कर." मामा बिचारा सरळ माणूस. पण त्याच्या हे ध्यानात आलं नाही की म्हातारीनं नातीला आयुष्यात कधी निंगनिंग म्हटलं नव्हतं. शेन्यांगकडे शेंडेफळाला लाडानं 'म्हातारी' म्हणतात. आजी तिला म्हणायची, "काय गं म्हातारे, जेवलीस का?"

कॉलेजला लवकर अर्ज केलेल्यांचा निकाल डिसेंबरच्या मध्याला येतो. तोवर कळ काढायची, असं नवराबायकोनं ठरवलं होतं. निकाल आला त्या संध्याकाळी तिघं जेवणाच्या टेबलाशी संगणकापुढे बसली. यीनिंगनं वाचलं, पुन्हा वाचलं.

"'हो' म्हणाले नाहीत," ती म्हणाली. "'नाही'पण म्हणाले नाहीत. मार्चमध्ये सगळ्यांबरोबर परत बघणार."

"म्हणजे नकार नाही ना?" ज्येनपिंग घाईनं म्हणाला. "नकार नाही म्हणजे अर्धा होकारच झाला की!"

"बाबा, अर्धा होकार असा काही नसतो."

ती वर खोलीत गेली. ज्येनपिंगनं बायकोला खुणेनं बाहेर बोलावलं आणि दोघं गॅरेजमधल्या बंद गाडीत जाऊन बसली. मुलगी घरात असली की खरं बोलायला त्यांना तेवढीच जागा उरली होती.

"निकालानंतर सांगायचं ठरलं होतं आपलं," मिनह्वा म्हणाली.

"हा निकाल आहे का? तूच सांग. आता मार्चपर्यंत एकेक मार्क मोजणार ते लोक. आत्ता ती खचली तर सगळंच गेलं."

"माझी आई मेलीय, ज्येनपिंग. मला मोठ्यानं रडायचंय."

"मग इथे रड ना. काचा बंद आहेत."

तो हे दुष्टपणानं म्हणाला नव्हता. त्याला खरंच दुसरं काही सुचत नव्हतं. त्यानं तिचा हात धरला आणि तिनं तो धरू दिला. काचेपलीकडे मडक्यावरचा दगड दिसत होता. मार्चपर्यंत, म्हणजे जवळजवळ वसंतातल्या थडगी झाडायच्या सणापर्यंत, आपली आई जिवंतच राहणार हे तिला उमगलं.

त्यानंतर घरात म्हातारी जास्तच वावरू लागली. ज्येनपिंग उगाचच तिचा विषय काढायचा: "आजीला सांग हं, नकार नाही म्हणावं." यीनिंग फोनवर लांबलचक काहीतरी लिहायची आणि मामाचं दोन ओळींचं उत्तर कितीतरी वेळ बघत बसायची. मिनह्वानं एकदा स्वयंपाकघरात आईची चप्पल वाजल्यासारखी ऐकली आणि हातातला वाडगा सोडला.

वर्षातली सर्वांत मोठी रात्र आली. आम्ही उत्तरेकडची माणसं त्या दिवशी डंपलिंग, म्हणजे सारण भरून पाण्यात उकळलेल्या करंज्या, खातो, नाही खाल्ले तर थंडीनं कान गळून पडतात म्हणे. मिनह्वानं दुपारीच मडक्यावरचा दगड उतरवला, कोबी पिळून बारीक चिरला, डुकराच्या खिम्यात कालवला. ती पाऱ्या भरत होती आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला यीनिंग वही घेऊन बसली होती. तिच्या शाळेतल्या मार्गदर्शक हॅलोरनबाईंनी सांगितलं होतं: कॉलेजला एक छोटं पत्र लिही. रडगाणं नको, आर्जवं नकोत. मला अजून तुमच्याकडेच यायचंय, आणि अर्ज केल्यापासून नवीन काय घडलं, एवढंच.

"माझं तर काहीच नाहीये नवीन," यीनिंग पेन चावत म्हणाली. "आई, आपल्या घरात अर्जानंतर नवीन काय घडलं गं?"

मिनह्वाच्या हातातली पारी फाटली आणि सारण टेबलावर सांडलं.

"सांग की," यीनिंग हसली. "एक लिहिता येईल. माझी आजी माझ्याशी बोलेनाशी झाली."

"असं का म्हणतेस?"

"मग काय! ती मला म्हातारी म्हणत नाही आता. उन्हाळ्यात मी परीक्षेचा क्लास लावला, तिच्याकडे गेले नाही, म्हणून रुसलीय. मी माफी मागून मागून थकले. तर म्हणते, ठीक आहे, अभ्यास कर." तिचं हसू विरलं. "मला नाही वाटत तिचा घसा बिघडलाय. तिला माझ्याशी बोलायचंच नाहीये."

मिनह्वानं हातांचं पीठ पुसलं नाही. तशीच ती मुलीसमोर बसली.

"ती रुसलेली नाही, बाळा. ती गेली."

"कुठे गेली?"

यीनिंग आईकडे बघत राहिली आणि हळूहळू तिला कळलं.

"कधी?"

"तुझी मुलाखत होती ना. तिच्या आदल्या रात्री."

त्या शनिवारी कॉलेजच्या एका माजी विद्यार्थ्यानं कॉफीच्या दुकानात यीनिंगची मुलाखत घेतली होती. तुझ्यावर सर्वांत जास्त प्रभाव कुणाचा, असं त्यानं विचारलं होतं.

"मी त्याला तिच्याबद्दल सांगितलं," यीनिंग म्हणाली. "पाऊण तास. मी म्हटलं, ती आहे. मी म्हटलं, तुम्ही या कधीतरी, ती तुम्हाला डंपलिंग करून घालेल. आणि तुम्ही बाहेर गाडीत बसला होता. तुम्हाला माहीत होतं."

"हो."

"तिनं माझ्याबद्दल विचारलं होतं का? शेवटी?"

इथे मिनह्वाला खोटं बोलता आलं असतं. इतके दिवस बोलली होती, त्यात आणखी एकानं काय बिघडणार होतं? पण तिला आता एकही खोटं झेपेना.

"मामाचा फोन आला तेव्हा ती शुद्धीवर होती. म्हणाली, म्हातारी कुठाय, म्हातारीला दे. मी फोन घेऊन जिन्याखाली उभी होते. तू वर मोठमोठ्यानं उत्तरं पाठ करत होतीस, मला ऐकू येत होतं. मी तिला म्हटलं, झोपलीय."

"मी वर होते?"

"वरच होतीस."

"जिना चढायचा होता फक्त," यीनिंग म्हणाली. मग तिनं टेबलावर डोकं टेकलं आणि ती ओरडून रडू लागली. मिनह्वाही रडली, गाडीच्या काचांआड नव्हे, आपल्या स्वयंपाकघरात, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशी.

ज्येनपिंग आवाज ऐकून आला आणि दारातच थबकला. माणूस गांगरला की तोंडातून काय निघेल याचा नेम नसतो.

"हे पत्रात लिहिता येईल," तो पुटपुटला. "म्हणजे... कॉलेजला कळलं तर..."

यीनिंगनं मान वर केली.

"बाबा, तुम्ही तिला मरू दिलं नाहीत माझ्या अर्जासाठी. आता मारताय तेही अर्जासाठीच?"

ज्येनपिंग मटकन खुर्चीत बसला. त्यानंतर आपल्या सासूविषयी तो जेव्हा बोलला, तेव्हा भूतकाळात बोलला.

डंपलिंग उकळले. पहिली बशी आजीच्या खुर्चीसमोर ठेवली गेली. यीनिंगनं आईच्या कोटाच्या अस्तरातली काळी पट्टी सोडवून बाहेर दंडावर टाचली आणि स्वतःसाठी दुसरी मागितली. पत्र दुसऱ्या दिवशी गेलं. त्यात लिहिलं होतं की तिला अजून तिथेच शिकायचंय, आणि सहामाहीचे मार्क. आजीचं नाव त्यात नव्हतं.

पुढच्या रविवारी त्या दोन पट्ट्या चिनी शाळेतल्या बायकांनी पाहिल्या. छिननं मिनह्वाला कोपऱ्यात ओढलं.

"सांगितलंस? मार्चपर्यंत दम निघाला नाही तुला? उद्या तिचं कुठेच झालं नाही तर?"

"तर तिचं कुठेच होणार नाही," मिनह्वा म्हणाली. "पण तिची आजी कधी गेली हे तिला माहीत असेल. छिन, यापुढे तुमच्यापैकी कुणी मला म्हटलं की पोराला सांगू नकोस, तर मी मान डोलवणार नाही. पोरानं मला विचारलं, तर मी सांगेन."

"मोठी सत्यवादी झालीस गं!" छिन फणकारली. पण त्या दिवशी तिनं चहा केला नाही, दाराबाहेर जाऊन मुलाला फोन लावला. त्यानं उचलला नाही.

यीनिंगनं आईला माफ केलं का? लगेच नाही. ती जेवायची, बोलायची, पण जिना उतरताना आई खाली दिसली की क्षणभर थांबायची. मिनह्वाला ते थांबणं दिसायचं. ज्यांनी ज्यांनी मायेपोटी मुलांचा निरोप चोरलाय, त्या सगळ्यांना ते ओळखीचं असेल.

जानेवारीच्या सुरुवातीला बाकीच्या कॉलेजांच्या अर्जांची मुदत संपत होती. शेवटच्या दिवशी संध्याकाळी यीनिंग वर लिहीत होती आणि खाली फोन वाजला. तागांग होता. यीनिंगचे आजोबा, मिनह्वाचे वडील, बर्फावरून घसरून पडले होते, इस्पितळात नेलं होतं. पुढचं काही सांगता येत नाही, असं डॉक्टर म्हणत होते.

ज्येनपिंगनं ऐकलं आणि त्याचं बोट आपोआप ओठांवर गेलं. त्यानं वर बघितलं. "उद्यापर्यंत," तो कुजबुजला. "तेवढा अर्ज जाऊ दे. फक्त उद्यापर्यंत."

मिनह्वा फोन घेऊन जिन्याखाली आली. तीच पायरी, तोच कठडा. वरून टाइप केल्याचा आवाज येत होता.

"म्हातारे!" तिनं हाक मारली. मुलीला हाक मारायला हा शब्द तिनं पहिल्यांदाच वापरला होता. "खाली ये. आजोबा पडलेत. मामाचा फोन आहे."

टाइप करणं थांबलं. खुर्ची सरकली. यीनिंग धडाधड जिना उतरली, या वेळी मधे कुठेही थांबली नाही, आणि आईच्या हातातून तिनं फोन घेतला. मामानं पलीकडे आपला फोन आजोबांच्या कानाशी धरला असावा, कारण खरखरीतून एक थकलेला श्वास ऐकू आला.

"कोण?" आजोबा म्हणाले. "म्हातारी का?"

"हो," यीनिंग म्हणाली. "मीच आहे. बोला."