ओळ दोनशे बारा

निवृत्त झाल्यापासून माझं एकही काम चुकत नाही. चहा केला, वा बाबा. नळाचा वायसर बदलला, वा बाबा. नळ गळायचा तो गळतोच आहे, पण वा बाबा! पाणीपुरवठ्याच्या खात्यात चौतीस वर्षं पंपांचे प्रोग्राम लिहिले मी. तिथे एक आकडा चुकला की टाकी भरून वाहायची आणि साहेब सगळ्यांदेखत माझी हजेरी घ्यायचे. त्या हजेरीची पुढे आठवण येईल असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यात काढलं असतं.

सून गेम बनवते. सात मजल्यांची इमारत, तिच्यात एक जुनी लिफ्ट आणि लिफ्ट चालवणाऱ्या एक बाई. बाई लोकांना वरखाली नेतात आणि त्यांची गाऱ्हाणी ऐकतात, एवढाच खेळ. सुनेच्या जोडीला कोड लिहिणारा एक जण होता. तो दुसरीकडे नोकरीला लागला तेव्हा ती माझ्या दारात येऊन उभी राहिली.

"बाबा, लिफ्टचं तुम्ही बघाल का? तीन महिन्यांत गेम बाहेर काढायचाय."

लिफ्ट म्हणजे तरी काय, वरखाली होणारं टाकीतलं पाणीच. मी लगेच हो म्हणालो. जरा जास्तच लगेच म्हणालो.

ती ज्यात गेम बनवते त्याला गेम इंजिन म्हणतात. भिंती, दिवे, माणसं सगळं त्यात माउसने मांडायचं आणि कोडही त्यातल्याच एका चौकटीत लिहायचं. ते मला जमेना. माउस धरला की अंगठ्यापासून कोपरापर्यंत कळ जाते, आणि खरं सांगायचं तर मला ते जमवायचंही नव्हतं. उभा जन्म मी टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर, नुसत्या कीबोर्डने चालणाऱ्या एडिटरमध्ये लिहीत आलो. तेव्हा असं ठरलं की मी माझ्या खोलीत माझ्या काळ्या पडद्यावर लिहायचं आणि तिने तिच्या खोलीत इंजिनात चालवून बघायचं. फोल्डर दोघांचं एकच.

पंधरा दिवस नुसतं वा बाबा चाललं होतं. मग एका सकाळी फाइल उघडली, तर मी एक लिहिलं होतं तिथे दोन. खाली एक अट नवीनच, ती कोडमध्ये देते तसल्या लांबलचक नावांची. जुन्या फाइली काढून बघितल्या, तर सात ठिकाणी तोच प्रकार. म्हणजे माझ्या चुका ही गुपचूप निस्तरत होती आणि वर मला वा म्हणत होती! अस्सा संताप आला. पोराने काढलेल्या चित्रातल्या घराला मोठ्यांनी मागाहून छप्पर काढून द्यावं, त्यातली गत.

जेवताना विचारलंच. "माझी चूक मला का सांगत नाहीस?"

"अहो बाबा, तुम्हाला हाक मारायची, तुम्ही फाइल उघडणार, मी ओळ सांगणार, तुम्ही ती शोधत बसणार. तेवढ्यात माझं करूनही होतं."

"म्हणजे अडचण ओळ शोधण्याची आहे?"

"हो," ती ताटाकडे बघत म्हणाली.

ताटाकडे बघत म्हणाली, तिथेच मला कळलं. पण म्हटलं ठीक आहे. अडचण ओळ शोधण्याची ना? मग ती अडचणच काढून टाकतो. पुढे काय सबब सांगतेस ते बघू.

इंजिनाच्या सेटिंगमध्ये तशी सोय असते. त्याची चौकट नको असेल तर बाहेरचा एडिटर जोडता येतो. फाइल उघडायची वेळ आली की कुणाला हाक मारायची आणि काय सांगायचं, फाइलचं नाव आणि ओळीचा आकडा, ते तिथे लिहून ठेवायचं. इकडे माझा एडिटर हाकेला कान देऊन बसेल असा सुरू करायचा. मग तिने तिच्या खोलीत चुकीवर क्लिक केलं की माझ्या पडद्यावर तीच फाइल आणि तीच ओळ. दोन दिवस खटपट केली आणि ओरडलो, "मार क्लिक!"

मी एक ओळ लिहीत होतो. तिच्या मधोमध आपोआप अक्षरं उमटायला लागली. फाइल उघडण्याचा अख्खा हुकूमच माझ्या कोडमध्ये टाइप होऊन बसला. सून धावत आली आणि बघून पोट धरधरून हसली. मी कपाळाला हात लावला. या एडिटरची लिहिण्याची वेळ वेगळी आणि हुकूम घेण्याची वेळ वेगळी. लिहिताना हुकूम आला तर हा शहाणा तोही निमूट लिहून टाकतो. म्हणून हुकमाच्या आधी 'लिहिणं थांबव' असं सांगणारी कळ पाठवावी लागते. तीच मी विसरलो होतो. चौतीस वर्षांचा अनुभव म्हणे!

ती कळ घातल्यावर सगळं सुरळीत चाललं. तिने क्लिक केलं, माझा पडदा टुणकन त्या ओळीवर गेला.

"वा बाबा!" ती म्हणाली. झालं का परत सुरू!

दुसऱ्या दिवशी पडदा दिवसभर गप्प. संध्याकाळी फाइल बघितली, तर पुन्हा तिच्या हातच्या दोन ओळी. मन खट्टू झालं. आता तर सबबही उरली नव्हती. म्हणजे मला काम दिलं होतं ते म्हाताऱ्याचा वेळ जावा म्हणून. रात्रीच ठरवून टाकलं, सकाळी सांगायचं की बाई गं, तुझी लिफ्ट तूच बघ.

सकाळी सांगायला उठलो, तेवढ्यात पलीकडून लिफ्टची घंटा ऐकू आली. प्रत्येक मजल्याला ती एकदा वाजते. मी मोजल्या. सहा वाजल्या, सातवी नाही. पुन्हा सहा. पुन्हा सहा. मग तिची खुर्ची करकरली. मी अर्धवट उठलेला तसाच उभा.

आणि माझा पडदा हलला. ओळ दोनशे बारा.

"बाबा," भिंतीपलीकडून आवाज आला, चांगलाच वैतागलेला. "ही तुमची चूक आहे. सातव्या मजल्यावर लिफ्ट थांबतच नाही, बाईंना घेऊन छपरातून वर निघून जाते. काल दुपारपासून डोकं फोडतेय मी. मला नाही सुटत."

मी खाली बसलो. ओळ वाचली. 'नेमके सात झाले की थांब' असं लिहिलं होतं मी. नोकरीच्या पहिल्या वर्षी टाकीचंही मी अगदी असंच लिहिलं होतं. पाणी नेमकं रेघेवर कधी सापडत नाही, ते रेघ ओलांडून गेलेलं असतं. तेव्हा ऑफिसचा जिना भिजला होता. सात किंवा त्याहून जास्त झालं की थांब, असं केलं आणि फाइल सेव्ह केली.

"बघ आता!"

घंटा वाजत गेली. पाच. सहा. सात.

"नाही झालं," ती म्हणाली. "थांबते, पण दार उघडत नाही."

निवृत्तीनंतरच्या सहा वर्षांत मला कुणी 'नाही झालं' म्हणालं नव्हतं. डोळे भरून आले, खोटं कशाला बोलू.

"मग बसलीस काय?" मी खेकसलो. "पाठव ओळ!"