अकरा मिनिटं, चार सेकंद

…हिरवी पट्टी पुन्हा उसळली. बोटाच्या पेराहून बारीक, पडद्याच्या कोपऱ्यात — वर जाते, थरथरते, मध्येच निपचित पडते आणि एकदम उठते, जसे मनोहरराव बोलायचे, अर्ध्या वाक्यात थांबून, समोरच्याला वाटावं संपलं… म्हणजे नवऱ्याचा आवाज आहे. फक्त सिंधूताईंच्या कानापर्यंत येत नाही.

गेले नऊ दिवस दुपारचं जेवण उरकलं की त्या हेच करत होत्या. नागपूरच्या या लॅपटॉपवरून पुण्याला श्वेताच्या संगणकात शिरायचं — ती वाट लेकीनंच करून दिली होती, फोटो पाहत जा म्हणून — आणि फोटोंच्या शेजारी सापडलेली ती फाईल लावायची. ‘बाबा, माझ्यासाठी’. अकरा मिनिटं, चार सेकंद. शेवटच्या आजारपणात ते पुण्याला लेकीकडे होते, तेव्हा रेकॉर्ड केलेली. श्वेता कधी बोलली नव्हती. आणि तिला विचारायचं म्हणजे, मी तुझं कपाट उचकलं, हे आधी कबूल करायचं.

एकतीस वर्षं टेलिफोनच्या ट्रंक एक्स्चेंजमध्ये गावोगावचे फोन जोडण्यात काढलेली बाई बिघाडाला घाबरत नाही. बिघाड तुकड्या-तुकड्यानं शोधायचा. लॅपटॉपवरचं भजन वाजलं, म्हणजे इथला स्पीकर ठीक. फाईल चालते, ते पट्टी सांगते. राहिली मधली जोडणी. पडद्यावर त्या जोडणीच्या खिडकीत ‘आवाज’पुढे तीन गोल होते — बंद, हा संगणक, तिकडचा संगणक — आणि त्यांनी पहिल्याच दिवशी तिसऱ्यात ठिपका दिला होता, कारण बोलणारा जिथला असेल तिथलं स्टेशन मागायचं, हे हातात इतकं मुरलेलं की ते तपासावं असं त्यांच्या मनातही आलं नाही.

ऐकायचं मात्र नसे. लाइन जोडली की कळ वर. एकदा मी कळ तशीच ठेवून एका जोडप्याचं बोलणं ऐकत बसले, आणि मागून सुपरवायझर पंचफुलाबाई — “सिंधू, सगाई त्याईची होऊन राहिली, तू काहून लाजून राहिली वं?” — बोर्डावरच्या सगळ्या ऑपरेटर हसल्या होत्या… आज हसायला मागे कोणी नाही. काय सांगितलं असेल त्यांनी लेकीला? कन्हानचंच. निवृत्तीनंतर त्यांना कन्हानला, नदीजवळच्या त्यांच्या घरी राहायला जायचं होतं आणि मी नागपूर सोडायला नाही म्हटलं. त्यांनी पुन्हा विषय काढला नाही, आणि त्यानंतर बाकीचं बोलणंही हळूहळू कमी होत गेलं…

फोन वाजला. श्वेता.

“आई, बाबांची फाईल तू लावून राहिली का?”

“मले एक शब्द ऐकू नाही आला. तुझी शप्पथ.”

“तुले कसा येईल? आवाज इकडे वाजून राहिला ना! तीन दिवस झाले, तापानं घरीच आहो मी. सव्वा वाजला की बाबा सुरू. पहिल्या दिवशी तर किंचाळलीच. मग पाहिलं, तर पडद्यावर बाण आपोआप फिरून राहिला.” ती हसली, खोकली. “तिथे ‘हा संगणक’ कर. एवढी ऑपरेटर तू, अन् राँग नंबर?”

“ताप आहे अन् सांगितलं नाही?” मग, “कन्हानच्या घराचं बोलले का गं? माझं काही?”

“नाही, आई. तुझं नावच नाही त्यात. नदी, सायकल, त्यांचे मास्तर… तेच सगळं.”

“मग तू बंद काहून नाही केलं?”

“मले लावायले नाही होत. दोन वर्षं झाली, हातच नाही जात. तू लावलं, म्हणून ऐकलं.”

फोन ठेवल्यावर त्या आवाजाची ती खिडकी उघडून बसल्या. ठिपका एकाच गोलात बसतो. बोर्डावर तीन जणांना एका बोलण्यात घेता यायचं. इथे तशी सोय दिसत नव्हती. नाव नाही माझं. नऊ दिवस मी त्यांच्या तक्रारीची उत्तरं जुळवत होते — कन्हानला आपलं माणूस कोण उरलं होतं, आणि तुम्ही तरी दुसऱ्यांदा कुठे विचारलंत — ती आता कोणाला द्यायची? दुखायला हवं होतं. दुखत होतं ते भलतीकडेच, पुण्यातल्या त्या फ्लॅटमध्ये, जिथे एक बेचाळीस वर्षांची बाई अंगावर चादर ओढून दुपारची वाट पाहत पडते, आणि कोणाला सांगत नाही… माझीच ती, माझ्यासारखी.

मला ऐकायचं आहे. अजूनही आहेच. माउसवरचा हात त्यांनी उचलला नाही, दाबलाही नाही. एवढंच कळत होतं, की ठिपका इकडे आणला तर तिकडची खोली गप्प होईल, आणि आपल्याला घाई राहिलेली नाही.