पायाशी ठेवलेली बॅग

स्टेशनवरचं सामानघर चौदा वर्षांनी उघडलं, तेव्हा तिथलं काम माहीत असलेला एकच माणूस नोकरीत उरला होता. बॅग हातात घेतली की वजन अचूक सांगायचे, म्हणून सगळे त्यांना काटेभाऊ म्हणत. निवृत्तीला चार महिने असताना साहेबांनी त्यांनाच पुन्हा खिडकीत बसवलं.

याच खिडकीत एका सभ्य दिसणाऱ्या माणसाने दिलेली बॅग काटेभाऊंनी चौदा वर्षांपूर्वी स्वतः उचलून आत ठेवली होती. जड सामान खालच्या फळीवर, भिंतीला लागून, हा त्यांचाच नियम. तेवढीच कंबर वाचते. भिंतीपलीकडे बायकांची वेटिंग रूम होती. काटेभाऊ चहाला गेले आणि त्या बॅगेचा स्फोट झाला. एकतीस बायका-मुलं गेली. चौकशीत त्यांच्यावर ठपका आला नाही, पण ठपका काय फक्त चौकशीच ठेवते? त्यानंतर त्यांनी कुणाच्या सामानाला हात लावला नाही. मुलगी सासरी निघाली, तेव्हाही तिने आपली बॅग आपणच गाडीत चढवली. देशानेही तेच केलं. गावोगावची सामानघरं बंद झाली आणि प्रत्येक दारात झडतीची टेबलं आली, ती कायमचीच.

पहिल्या सकाळी काटेभाऊंनी शक्कल लढवली. "बॅग तुम्हीच तपासणीच्या मशीनमध्ये टाका, तुम्हीच फळीवर ठेवा." लोक कुरकुरले, पण ठेवत गेले. साहेबांना वाटलं, नवा नियम असेल.

अकराच्या सुमारास एक कॉलेजातली मुलगी आली. उजवा हात प्लास्टरमध्ये. कुणी सांगायच्या आत तिने दुसऱ्या हाताने बॅगेची चेन उघडून दाखवली. कळायला लागल्यापासून ती प्रत्येक दारात हेच करत आली होती. कधी काळी हे असं नव्हतं, हे तिच्या गावीही नव्हतं.

"काका, तुम्ही उचलता का? मला नाही जमत."

मागे रांग लागली होती. त्यांनी बॅग उचलली. मशीनचा हिरवा दिवा लागला, तरी फळीपाशी जाऊन पाय अडले. ते मागे फिरले आणि बॅग खुर्चीखाली, आपल्या दोन पायांमध्ये ठेवून बसले. काही व्हायचंच असेल तर आधी आपल्याला होऊ दे.

दिवसभर ते जागचे हलले नाहीत. डबाही उघडला नाही.

"काटेभाऊ, खुर्चीला डिंक लावलाय का?" साहेबांनी विचारलं.

पाचला ती मुलगी परत आली.

"अगं बाई, दिवसभर पायाशी? फळीवर टाकायची ना, काका!"

काटेभाऊंनी बॅग तिच्या डाव्या खांद्याला अडकवली, पट्टा नीट केला.

"काही झालं नाही," ते म्हणाले.

"काय व्हायचं होतं?"

तिला खरंच ठाऊक नव्हतं. त्यांचे डोळे भरून आले.

"काही नाही, बाळा. जा, सांभाळून जा."

मागच्या प्रवाशाने सवयीने आपली बॅग मशीनकडे उचलली. काटेभाऊंनी खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढले.

"द्या इकडे. मी ठेवतो."